जोडीने काढलेले नकाशे

"नकाशात नाय म्हणजे काय, मेली?" आत्याने विचारलं.

ती पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती आणि मी तिच्यासमोर मांडीवर लॅपटॉप घेऊन. पडद्यावर माझ्या ऑनलाइन कोर्समधले जोडीदार दिगंबर वाकसे यांच्या कुटुंबाचा संकल्पना-नकाशा होता. मधोमध 'कुटुंब' अशी चौकट, तिच्यातून चहूबाजूंना निघालेले बाण आणि बाणांच्या टोकाला एकेक माणूस. आई होती. मुलगी ईश्वरी होती. सासरी गेलेली बहीण होती. गोठ्यातली चंद्रा नावाची म्हैससुद्धा होती. बायको नव्हती.

"गेली आसतली बिचारी," मी म्हटलं.

"मगे इचार त्येका."

"असा कोण इचारता काय गो?"

आत्याने आठळी पातेल्यात टाकली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "नको इचारू. पण भाकरी भाजणारो घोव सगळ्यांका गावणा नाय. सोडू नको त्येका."

मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर आत्याने बोलून दाखवायच्या आधीच मी मनातल्या मनात बरीच पुढे गेले होते. चाळिशीला टेकलेल्या बाईने इतक्या पुढे जाऊ नये, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

कुडाळच्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते. आदल्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या आजारपणात माझ्या लग्नाचा विषय आधी मागे पडला, मग मिटला. वसईच्या भावाने सुरुवातीला दोन-चार स्थळं सांगितली. एक बिजवर होता, त्याला माझ्यापेक्षा आमच्या घरामागची कलमं जास्त आवडली. नंतर भावाने नाद सोडला, मीही सोडला. बाबा असेपर्यंत संध्याकाळी औषधं, पेज, अंथरूण यात वेळ जायचा. ते गेले आणि आत्या सोबतीला असूनही घर खायला उठायला लागलं. तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, पेडणेकर, ऑनलाइन पदविका निघाली आहे शिक्षणशास्त्राची, करून टाका. पदविकेचं मला काही पडलं नव्हतं. संध्याकाळी बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी फॉर्म भरला.

त्या कोर्सला लेखी परीक्षा नव्हती, नकाशे होते. दर धड्यानंतर एक संकल्पना-नकाशा काढायचा आणि तो ऑनलाइन सादर करायचा. तोही एकट्याने नाही, जोडीने. जोड्या कॉम्प्युटरने लावलेल्या. माझ्या वाट्याला बार्शीकडच्या एका खेड्यातल्या हायस्कूलचे क्लार्क दिगंबर वाकसे आले. एकच पान दोघांच्याही पडद्यावर उघडायचं. मी इकडे चौकट ओढली की त्यांना तिकडे दिसायची, त्यांनी शब्द बदलला की माझ्यासमोर बदलायचा. पानाच्या कडेला एक पट्टी होती, तिच्यात एकमेकांना निरोप लिहायचे. फोटो कुणी लावलेला नव्हता. माझ्या नावाआधी गोलात 'हे' असायचं, त्यांच्या नावाआधी 'दि'.

आमच्या क्षीरसागर मॅडमचा एक नियम होता, प्रत्येक बाणावर शब्द पाहिजे. इकडची चौकट, बाणावरचा शब्द आणि तिकडची चौकट मिळून सरळ वाक्य वाचता आलं पाहिजे. नुसत्या रेघा ओढलेला नकाशा त्या बघतही नसत, परत पाठवत. आमचा पहिला नकाशा असाच परत आला. विषय होता 'स्मृती'. मी पुस्तकातल्या व्याख्या चौकटींत कोंबल्या होत्या आणि बाण रिकामे सोडले होते. मला वाटलं, आता हे वाकसे वैतागतील. तर त्यांनी पट्टीत लिहिलं, "चौकटी तुमच्या छान आहेत. बाणांचं माझ्याकडे सोडा."

दुसऱ्या दिवशी मी पान उघडलं. 'वास' आणि 'स्मृती' यांच्यामधल्या बाणावर मी कदाचित 'जागवतो' असं लिहिलं असतं. तिथे लिहिलं होतं, 'न विचारता आत घेतो'. वास न विचारता आत घेतो स्मृतीला. मी ते वाचलं आणि मला बाबांच्या खोलीतला निलगिरीचा वास आला. 

तेव्हापासून वाटणी ठरून गेली. चौकटी माझ्या, बाण त्यांचे.

आमच्या तुकडीतल्या निम्म्या लोकांचे नकाशे त्यांची मुलं, भाऊ नाहीतर शाळेतले नवे शिक्षक काढून द्यायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनाही ठाऊक असावं. नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं ही आपल्याकडच्या ऑनलाइन कोर्सांची रीतच होऊन बसली होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. म्हणून तर मला माझ्या नशिबाचं कौतुक वाटायचं. इतक्या लोकांत माझा जोडीदार तेवढा स्वतः काढतो, आणि काय काढतो.

ते रोज दिवेलागणीनंतर यायचे. कधी पट्टीत आधीच निरोप असायचा, "भाकऱ्या व्हायच्या आहेत, थोडं थांबा." कधी, "ईश्वरीची वेणी राहिली आहे, आलंच." एकदा लिहिलं होतं, "आईंचे गुडघे फार दुखताहेत, तेल लावून झालं की बसू." मी वाट बघायची. आयुष्यभर मी ज्या पुरुषांना बघितलं, त्यातल्या एकालाही पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने घेता येत नव्हता. माझे बाबा फार प्रेमळ होते, पण चहा उतू गेला तर गॅस बंद करायला मला हाक मारायचे. आणि हा माणूस भाकऱ्या थापतो, पोरीची वेणी घालतो, आईचे पाय चोळतो, आणि मग हात धुऊन बाणांवर असे शब्द लिहितो.

कुटुंबाचा नकाशा हा एकच ज्याचा त्याने काढायचा होता. मी माझा काढला. 'कुटुंब' या चौकटीतून जाणारा एकच बाण, आत्या. बरं दिसावं म्हणून भावाला आणि वहिनीलाही बसवणार होते, पण ते नुसतं पान भरणं झालं असतं, म्हणून बाकीची जागा रिकामी ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्टीत त्यांचा निरोप होता. "तुमचा नकाशा बघितला. जागा रिकामी ठेवलीत ते बरं केलं. पुष्कळ लोक कुणालाही बसवतात." आणि मग मी त्यांचा उघडून बघितला, ज्यात बायको नव्हती.

मी पट्टीत लिहिलं, "ईश्वरीची आई?" आणि पाठवायच्या आधी पुसलं. विधुर माणसाच्या जखमेवर आपण का बोट ठेवावं. सांगायचं तेव्हा ते सांगतील. मी मनाशी त्या गेलेल्या बाईला एक चेहराही दिला होता, हडकुळी, आजारी, चांगली बाई. तिच्याबद्दल मला वाईटसुद्धा वाटायचं.

वर्ष सरत आलं तसे निरोप वाढत गेले. नकाशाचं बोलणं दोन ओळींत संपायचं आणि बाकी दुसरंच चालायचं. मी त्यांना नदीला पूर आला की आमच्या शाळेचं ग्रंथालय कसं माळ्यावर चढवतो ते सांगितलं. त्यांनी मला सांगितलं, तिकडे उन्हाळ्यात विहिरी आटल्या की माणसं कमी बोलतात. मी आजारी पडले तेव्हा माझ्या वाटणीच्या चौकटीही त्यांनीच भरल्या आणि वर लिहिलं, "कुणी बघायला आहे ना जवळ?" बाबा गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पालथी पडून रडले. मग उठून चेहरा धुतला आणि "आत्या आहे" असं उत्तर लिहिलं.

शेवटचा नकाशा कोल्हापूरच्या केंद्रावर समक्ष सादर करायचा होता. सगळ्या जोड्यांनी यायचं, मॅडमसमोर उभं राहून आपला नकाशा समजावून सांगायचा आणि तिथेच तो कायमचा जमा करायचा. विषय 'शिकणे'. जायच्या आठवड्यात पट्टीत निरोप आला. "भेटल्यावर एक गोष्ट सांगायची आहे. इथे नाही लिहिता येत."

मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती आत गेली आणि तिची जपून ठेवलेली जांभळी साडी घेऊन आली. "ही नेस," म्हणाली. "आणि चष्मो पुसून जा. माणूस नीट दिसाक व्हयो."

मी काय करणार होते ते माझं पक्कं ठरलं होतं. त्यांनी विचारलं तर हो म्हणणार होते. नाही विचारलं तर मी विचारणार होते. नोकरी सोडून बार्शीकडे जायचीही माझी तयारी होती. मी तर म्हशीचं दूध काढणं जमेल का, याचाही विचार करून ठेवला होता.

फोंडा घाटातून एस.टी. वर चढत होती तेव्हा मी खिडकीशी बसून सारखी पिशवी चाचपत होते. त्यांच्या आईंसाठी कोकमं घेतली होती, ईश्वरीसाठी रिबिनी. त्यांच्यासाठी काय घ्यावं ते कळलं नव्हतं, म्हणून काहीच घेतलं नव्हतं. केसांत अबोलीचा वळेसर होता. मी स्वतःच स्वतःला हसत होते. किती दिवसांनी मला असं हसू येत होतं.

केंद्र म्हणजे एका जुन्या शाळेची इमारत होती. व्हरांड्यात नावांच्या चिठ्ठ्या लावलेली टेबलं. आमच्या टेबलापाशी पांढऱ्या शर्टातला, जरा पोट सुटलेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस उभा होता. आणि त्याच्या मागे अर्धं पाऊल सोडून एक बाई. हिरवं लुगडं म्हणावं अशी जाडसर साडी, हातात पितळी डबा. वयाने माझ्याहून लहान असावी. मला वाटलं, ही बहीण. नकाशातली, सासरी गेलेली. भावाबरोबर आली असेल देवीच्या दर्शनाला. मी तिच्याकडे बघून आधी हसले. तीही हसली, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. मला त्याचं जरा नवल वाटलं.

"पेडणेकर मॅडम न्हवं?" तो माणूस म्हणाला. "नमस्कार. लई ऐकलंय तुमच्याबद्दल हिच्याकडनं."

"यांच्याकडून?"

"मग. ही आमची मंडळी, शालन. सगळं हीच करती ओ. मला कुठला येळ? बढतीला डिप्लोमा पायजे म्हणून शाळेनं लॅपटॉप दिला. म्हटलं, तुला नाद हाय, तर कर तूच. नाव माझं, डोकं हिचं."

ते अगदी मोकळेपणाने हसत होते. लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं. आमच्याकडेसुद्धा निम्म्यांचं तसंच होतं, मग त्यांनी का लाजावं? मी काहीतरी म्हटलं, बरं झालं, आलात वगैरे. मी पिशवी खाली ठेवली.

वाकसे हळूच म्हणाले, "मॅडम, आत तुमीच बोला. मी मान हलवतो."

आम्ही आत गेलो. शालन दाराबाहेरच्या बाकावर बसली. भिंतीवर आमचा नकाशा मोठा होऊन पडला होता. माझ्या चौकटी, तिचे बाण. मी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण वर्षभर ते बाण इतक्यांदा वाचले होते की माझी जीभ आपोआप चालत होती. वाकसे शेजारी उभे राहून मान हलवत होते.

मॅडमनी काठीचं टोक एका बाणावर ठेवलं. "वाकसे, हे तुम्ही सांगा. 'शिकणे' पासून 'आनंद' कडे बाण आहे. त्यावर लिहिलंय 'चोरून देते'. चोरून कसं?"

वाकसे बाणाकडे बघत राहिले. मग हसले. "टायपिंगची चूक झाली असंल मॅडम."

वर्गात हशा पिकला. उघड्या दारातून मला बाकावरची शालन दिसत होती. तिने मान खाली घातली आणि डब्याची कडी उगाचच काढली, लावली.

"चूक नाही मॅडम," मी म्हटलं. "ज्याला शिकायला स्वतःचा वेळ मिळत नाही, त्याच्याबद्दल आहे ते. मुद्दाम लिहिलेलं आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, वाकशांकडे बघितलं आणि वहीत गुण मांडले. बाहेर आलो तर वाकसे खूश होते. "वाचवलंत बघा," म्हणाले आणि कुणाला तरी फोन लावत फाटकाकडे गेले. जाताना शालनला म्हणाले, "ते सबमिट का काय ते करून टाक. मग देवळात जाऊ, रांग वाढल."

इमारतीच्या मागे पाण्याची टाकी होती, तिच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. शालनने डबा उघडला. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, शेंगांची चटणी, वर कांदा. "तुमच्यासाठी केल्यात पहाटे उठून," ती म्हणाली. "खावा."

मी तुकडा मोडला. वर्षभर मी या भाकऱ्यांची वाट बघितली होती. त्या खरंच फार चांगल्या होत्या, पण दुसरा तुकडा मी मोडला नाही.

"रागावलात, ताई?"

राग आला होता. पण तो कुणाचा करायचा तेच कळत नव्हतं. त्या हसऱ्या माणसाने मला काही म्हणजे काही लिहिलं नव्हतं. आणि जिने लिहिलं होतं ती माझ्यासमोर पाण्याचा तांब्या धरून बसली होती.

"मी खोटं कायच लिहिलं नाही," ती म्हणाली. "भाकऱ्या मीच करत होते. ईशूची वेणी मीच घालत होते. आईंच्या गुडघ्याला तेल मीच लावते. नाव तेवढं ह्यांचं."

"कुटुंबाच्या नकाशात तुम्ही नव्हता," मी म्हटलं.

"मी?"

"आई होत्या, ईश्वरी होती, तुमच्या वन्सं होत्या. म्हैस होती. तुम्ही नव्हता."

तिला आधी कळलंच नाही. मग ती आठवायला लागली. तिचे ओठ हलत होते, एकेक नाव ती मनात घेत असावी. मला तिचा चेहरा बदलताना दिसला, आणि वाटलं, आपण हे बोलायला नको होतं.

"खरंच की," ती म्हणाली. "मी काढत बसले होते न्हवं. एकेकाला बसवत गेले. माझं माझ्या ध्यानातच आलं नाही." ती हसली. मग ते हसू तिला पुढे नेता येईना. "ह्यांनीबी बघितला होता तो. आईंनाबी वाचून दाखवला मी. म्हशीचं नाव आल्यावर सगळे हसले. कुणाच्याच ध्यानात आलं नाही, ताई."

मी तिचा हात धरला. पीठ मळून मळून खरखरीत झालेला तो हात होता. फाटकाकडून वाकशांचा फोनवरचा मोठा आवाज येत होता.

मग तिची नजर माझ्या साडीवर गेली. साडीवरून अबोलीवर. आणि माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डोकावणाऱ्या लाल रिबिनींवर. हुशार बाई ती, बाणांचे शब्द तिला असे उगाच सुचत नव्हते.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, ह्यांची बायको..."

"हो."

"म्हणून आज ही साडी? ह्यांच्यासाठी?"

मी फाटकाकडे बघितलं. तो माणूस चांगला होता, त्यात वाद नाही. त्याने आयुष्यात कुणाला मुद्दाम दुखवलं नसेल. त्याने मला बोलवलं असतं तर मी त्याच्यासोबत चहासुद्धा घेतला नसता.

"त्यांच्यासाठी नाही," मी म्हटलं.

तिला कळलं. तिने मान खाली घातली आणि साडीच्या काठावरून उगाच बोट फिरवत राहिली. "मला असं कुणी विचारत नव्हतं," ती म्हणाली, "आज काय वाटलं, काल झोप लागली का. भाकरी झाली का एवढंच विचारत्यात घरात. तुमी विचारायचा. मला वाटायचं, आपलं नाव कळलं तर ह्या बाई विचारायच्या थांबतील. म्हणून नाही सांगितलं. एवढाच माझा लबाडपणा."

"आणि भेटल्यावर काय सांगणार होतात?"

"हेच. की ते मी हाय." तिने डोळे पुसले. "आणि दुसरं विचारायचं होतं. आता कोर्स संपला. लॅपटॉप उद्या शाळेत परत जाणार. मग मी बोलू कुठं?"

मी म्हटलं, माझा नंबर घ्या. ती म्हणाली, घरात एकच फोन आहे आणि तो यांच्या खिशात असतो. मी म्हटलं, मी करेन, त्यांनी उचलला तर सांगेन की शालनला द्या.

"काय म्हणून?" तिने विचारलं.

खरंच, काय म्हणून? कोर्स होता तोवर कारण होतं. कोर्स नवऱ्याचा होता, म्हणून घरात त्याला मान होता, सासू दार लोटून घ्यायची, पोरीला गप्प बसवायची. मी म्हटलं, तुम्ही स्वतःच्या नावाने कोर्स घ्या. ती म्हणाली, बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सुटलंय, लग्न ठरलं म्हणून, मला कोण घेणार, आणि माझ्यासाठी लॅपटॉप कोण आणून ठेवणार. तक्रार म्हणून नाही, विचारलं म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं.

आत कॉम्प्युटरच्या खोलीत गर्दी कमी झाली होती. आम्हाला शेजारीशेजारी दोन खुर्च्या मिळाल्या. मी माझ्या नावाने पान उघडलं, तिने वाकशांच्या नावाने. वर्षभरात पहिल्यांदा 'हे' आणि 'दि' हातभर अंतरावर होते. नकाशा तयार होता. जोडीतल्या दोघांनीही सादर केल्याची खूण केली की पान बंद होणार होतं आणि कडेची पट्टीही पुसली जाणार होती. पुन्हा कुणालाच उघडता येणार नव्हती. वर तशी सूचनाच होती.

शालनने ती सूचना दोनदा वाचली. मग पट्टीतले निरोप वर वर सरकवत ती अगदी सुरुवातीपर्यंत गेली. "चौकटी तुमच्या छान आहेत" इथपर्यंत. मी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याने बघवलं नसतं.

"हे ठेवता येत नाही का कुठं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग आधी तुमी करा."

मी माझ्या बाजूने खूण केली. आता फक्त तिची राहिली. तिने माउसवर हात ठेवला आणि काढला. मग माझ्याकडे न बघता पट्टीत काहीतरी लिहिलं. माझ्या पडद्यावर ते उमटलं. "ताई, कुणी बघायला आहे ना जवळ?"

मी तिथेच, तिच्या शेजारी बसून उत्तर लिहिलं. "आहे." घरी आत्या होती, पण शालन ते विचारत नव्हती. त्या अर्थाने खोटं होतं ते, आणि तिला माहीत होतं.

बाहेरून वाकशांची हाक आली, आटप गं, रांग वाढतीय. तिने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'अभिनंदन, दिगंबर. तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे.' तिने ती शेवटपर्यंत वाचली, डबा काखेत घेतला आणि कोकमांची नि रिबिनींची पिशवी मी तिच्या हातात दिली तीही घेतली. फाटकातून बाहेर पडताना ती नवऱ्याच्या मागे अर्धं पाऊल सोडून चालत होती. वळून बघेल असं मला वाटलं, पण तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला चालता आलं नसतं, हे मला आज कळतं.

मी रात्रीच्या गाडीने परत आले. वाकशांना बढती मिळाल्याचं पुढे क्षीरसागर मॅडमकडून कळलं. मी त्यांच्या शाळेच्या फोनवर दोनदा विचारपूस केली. दोन्ही वेळा तेच बोलले, फार आपुलकीने, घरी सगळं मजेत आहे म्हणाले. सगळं म्हणजे आई, ईशू आणि म्हैस. तिसऱ्यांदा फोन करायला मला कारण सुचलं नाही.

कोल्हापूरहून आलेल्या सकाळी आत्या पडवीत माझी वाट बघत बसली होती. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. एकदाही न थांबता, चहाही न घेता. संपल्यावर माझ्या केसांतली सुकलेली अबोली तिने हळूच काढली.

"जावंदे," ती म्हणाली. "तो तुझो नव्हतोच. इसर त्येका."

"त्येका इसारलंय गो आत्ये," मी म्हटलं. "तिका कसा इसरू?"